गोळी बदलायची आहे आणि फोनही: आधी काय?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई ३३ वर्षांच्या, निदान बायपोलर टाइप १, म्हणजे मूड कधी मॅनियाच्या उधाणात तर कधी डिप्रेशनच्या गर्तेत नेणारा आजार. मूड सांभाळणारं लिथियम सहा वर्षं चालू आहे, रोज ९०० मिलिग्रॅम, रक्तातली पातळी लिटरमागे ०.७ मिलिमोलच्या आसपास. अडीच वर्षांपूर्वी मोठा मॅनिया झाला तेव्हा तो शांत करणारं ओलान्झापिन १० मिलिग्रॅम जोडलं, ते तसंच राहिलं. तेव्हापासून वजन १४ किलोंनी वाढलं आणि मधल्या काळात दोनदा लांबलचक डिप्रेशन येऊन गेलं. आता डॉक्टर लॅमोट्रिजिन हे मूडचं दुसरं औषध सुरू करून ओलान्झापिन काढायचं म्हणतात, पण त्याला तीन महिने लागतील असं सांगतात. बाईंना धीर धरवला नाही. त्यांनी स्वतःच ओलान्झापिन बंद करून पाहिलं, चौथ्या रात्री झोप पार उडाली, घाबरून परत सुरू केलं. आजार परतला होता का, आणि मैत्रिणीला वॅल्प्रोएट हे मूडचं औषध लागू पडलं तर मला ते का नाही, असं त्या विचारतात. मग शेवटी, जरा संकोचत: चार वर्षांचा फोन ३० टक्के चार्ज दाखवत असतानाच बंद पडतो, सहा-सात वर्षं टिकेल असा नवा घ्यायचाय, पण नवरा म्हणतो, खरेदी डोक्यात आली म्हणजे आजार डोकावतोय. मागच्या मॅनियात त्यांनी एका आठवड्यात दोन फोन आणि एक कॅमेरा घेतला होता.

औषधांच्या पत्रात फोन घुसडला म्हणून तुम्ही माफी मागितलीत. तिची काही गरज नव्हती. मी २६ वर्षं मानसोपचार करतोय आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगी प्रश्न फोनचाच आहे. कसा, ते पुढे येईल.

आधी ती चौथी रात्र. जागं ठेवणारं हिस्टामिन हे रसायन मेंदूत ज्या जागांवर काम करतं, त्या ओलान्झापिन घट्ट अडवतं, म्हणून ते घेतल्यावर गाढ झोप लागते. अडीच वर्षं रोज रात्री हा दाब असतो आणि मेंदू त्याला सरावतो. दाब एकदम काढला की तो उसळी मारतो. झोप उडते, घाम येतो, मळमळतं, आतून अस्वस्थ वाटतं. गोळीचं प्रमाण शरीरात निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात, म्हणजे चौथ्या दिवशी ती जवळजवळ संपलेली असते. तुमची रात्र त्या हिशोबात चपखल बसते.

पण एवढ्यावर ‘आजार नव्हता’ असं मी लिहून देणार नाही. असा रुग्ण आला की मी एकच गोष्ट खोदून विचारतो: दुसऱ्या दिवशी कसं वाटत होतं? औषध सुटल्याने झोप गेली असेल तर माणूस दमलेला असतो, झोपेसाठी तळमळतो, डोळे चुरचुरतात, किरकोळ कारणावरून चिडतो. हायपोमॅनियात, म्हणजे मॅनियाच्या सौम्य रूपात, झोप कमी झाली तर तक्रारच नसते. तीन तास झोपून माणूस पहाटे चारला कपाट आवरतो आणि सकाळी सांगतो, ‘काय फ्रेश वाटतंय!’ तुम्ही लिहिलंय की पाचव्या दिवशी तुम्ही ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसला होतात. त्यावरून मी पहिल्या शक्यतेकडे झुकतो. तरी एक मेख आहे. कारण काहीही असो, लागोपाठ दोन-तीन रात्री झोप गेली तर बायपोलरच्या माणसात तीच पुढे मॅनियाची ठिणगी ठरू शकते. म्हणून पुन्हा असं झालं तर ‘ही गोळी सुटल्याची झोप आहे’ असं स्वतःशी ठरवून बसू नका. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्वतःहून परत सुरू केलीत हे त्या प्रसंगात बरं झालं, पण ही गोष्ट तुम्ही डॉक्टरांना सांगितली की नाही हे पत्रात कुठे दिसत नाही. सांगितली नसेल तर सांगा. आम्ही रागावतो असा एक समज आहे, रागावणारे असतातही. पण ही एक रात्र ठाऊक असली तर डोस किती सावकाश उतरवायचा याचं गणित बदलतं.

आता तीन महिन्यांचा हिशोब. तो डॉक्टरांच्या सावधपणातून आलेला नाही, लॅमोट्रिजिनच्या स्वभावातून आलाय. दुसरं कुठलंच मूडचं औषध चढवायला इतका वेळ खात नाही. पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, पाचव्या आठवड्यात १०० आणि सहाव्यात २००, असा नेहमीचा जिना आहे. घाईने चढवलं तर अंगावर पुरळ येण्याचा धोका वाढतो. साधं पुरळ दहातल्या एखाद्याला येतं आणि बहुतेकदा जातं. पण मोठ्या माणसांत हजारात साधारण एखाद्याला ते भयंकर रूप घेतं: ताप, तोंडात आणि डोळ्यांत जखमा, कातडी सुटणं. त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. हे घडलंच तर बहुधा पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत घडतं. म्हणून या काळात कुठलंही पुरळ दिसलं तरी पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत ताप किंवा तोंडात फोड असतील तर थेट रुग्णालय.

माझी एक सवय सांगतो. लॅमोट्रिजिन सुरू करताना मी रुग्णाला सांगतो की पुढचे दोन महिने नवा साबण नको, नवं क्रीम नको, केसांना नवा रंग नको. लॅमोट्रिजिनशी या गोष्टींचं वैर आहे असं नाही. पण मानेवर पुरळ उठलं आणि त्याच आठवड्यात नवा साबणही आलेला असला, तर दोष कुणाचा हे आम्हाला कळत नाही. मग सुरक्षिततेसाठी गोळीच बंद करावी लागते, आणि कदाचित आयुष्यभर कामी आलं असतं असं औषध एका साबणापायी हातचं जातं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा धंद्यातला जवळजवळ एकमेव हट्ट. फोनपाशी तो पुन्हा लागणार आहे.

तर सहा आठवडे चढण्यात गेले. या काळात ओलान्झापिन जागेवरच राहणार, कारण नवं औषध अजून पाय रोवून उभं नाही. मग ते उतरवायचं: १० वरून साडेसात, मग पाच, मग अडीच, मग बंद, प्रत्येक पायरीवर दोनेक आठवडे. झाले की नाही तीन महिने? तुमच्या डॉक्टरांच्या पायऱ्या थोड्या वेगळ्या असतील, पण आकार हाच. आणि पाचवरून अडीच आणि अडीचवरून शून्य या पायऱ्या कागदावर लहान दिसल्या तरी झोपेला त्याच जास्त जाणवतात. तिथे चार दिवस वाईट जातील हे आधीच धरून चाला. त्या आठवड्यात प्रवास, रात्रीचं जागरण, कामाची मुदत असलं काही ठेवू नका.

याहून महत्त्वाची, आणि पत्रात कुठेच न आलेली गोष्ट म्हणजे लॅमोट्रिजिन मुख्यतः डिप्रेशन अडवतं. मॅनियावर त्याची पकड कमी आहे. तुमच्या डॉक्टरांनी ते निवडलं कारण गेली अडीच वर्षं तुम्हाला खाली ओढणाऱ्या टोकानेच जास्त छळलंय. निवड मला पटते. पण ओलान्झापिन गेल्यावर मॅनियाच्या दारावर पहारेकरी एकटं लिथियम राहणार आहे. म्हणून या सगळ्या गडबडीत ते सैल पडता कामा नये. ०.६ ते ०.८ मिलिमोल ही दीर्घकाळ सांभाळण्याची नेहमीची पातळी आहे आणि तुमची ०.७ त्यात छान बसते. ओलान्झापिन उतरवण्याआधी एकदा आणि ते पूर्ण बंद झाल्यावर एकदा पातळी तपासून घ्या. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेत असाल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. हे इतकं साधं आहे, तरी सकाळी सवयीने गोळी घेऊन मगच प्रयोगशाळेत जाणारे मला दर महिन्याला भेटतात. पातळी फुगलेली दिसते आणि विनाकारण डोस कमी होतो.

वजनाबद्दल लिहिताना तुम्ही सहज एक वाक्य टाकून गेलात: ‘गोळी सुटली की लगेच मीठ-साखर बंद करून कडक डाएट धरणार आहे.’ हे वाचून मी खुर्चीत सरळ झालो. साखरेचं तुम्ही बघा, पण मीठ एकदम तोडू नका. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांतला फरक नीट कळत नाही. शरीरात सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड ते राखून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही परत रक्तात ओढतं. डोस तोच, पातळी मात्र वर. जुलाब, उलट्या, तापात पाणी न पिणं, भर उन्हात घाम गाळणं, यातही हेच घडतं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही तेच करतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. दात काढायला गेलात तरी दातांच्या डॉक्टरांना लिथियम चालू आहे हे आधी सांगा. हाताची बारीक थरथर लिथियमवर बऱ्याच जणांना असते. पण थरथर इतकी वाढली की कप धरवत नाही, चालताना झोक जातोय, जीभ जड झालीय, सोबत जुलाब-उलट्या आहेत, अशी अवस्था आली तर पुढचा डोस घेऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा. पातळी १.५ च्या वर गेली की विषबाधेच्या हद्दीत आपण शिरलो असं आम्ही धरतो. सुरक्षित आणि घातक यांतलं अंतर एवढं कमी असणारी औषधं फार नाहीत.

वजनाबद्दल खोटी आशा लावत नाही. ओलान्झापिन गेलं की भुकेचा तो न भागणारा खड्डा बहुधा बुजतो, पण १४ किलो आपोआप उतरत नाहीत. हळूहळू, मिठाचं प्रमाण रोज साधारण तेवढंच ठेवून उतरवा आणि आहार मोठ्या प्रमाणात बदलणार असाल तर मध्ये एकदा लिथियमची पातळी बघा. थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी तपासत असालच.

वॅल्प्रोएट तुमच्या मैत्रिणीला लागू पडलं याचा मला आनंदच आहे. तुम्हाला मी ते देणार नाही. पोटात मूल असताना वॅल्प्रोएट चालू असेल तर दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि शंभरातल्या ३० ते ४० मुलांना पुढे बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी येतात. तुम्ही ३३ वर्षांच्या आहात, मूल हवं की नको हे पत्रात लिहिलेलं नाही, आणि न ठरवताही दिवस राहतात. शिवाय वजन त्यानेही वाढतं. परिणामाचं म्हणाल तर लिथियम आणि वॅल्प्रोएट यांची थेट तुलना करणारी ‘बॅलन्स’ नावाची चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. आजार परतू न देण्यात एकटं लिथियम एकट्या वॅल्प्रोएटपेक्षा सरस ठरलं. तुमच्याकडे सरस ते आहेच. मूल हवं असेल तर तेही आधी डॉक्टरांशी बोला, कारण लिथियमचेही गरोदरपणात स्वतःचे प्रश्न आहेत, जरी ते वॅल्प्रोएटपेक्षा बरेच सौम्य असले तरी. आणि गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरून एका रात्रीत लिथियम फेकून देणं, हे मी पाहिलंय. त्याचा शेवट बहुतेकदा चांगला नसतो. लिथियम एकदम तोडलं की आजार उसळून परत येतो. काढायचंच असेल तर किमान चार आठवडे, जमलं तर तीन महिने घेऊन.

गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल आणि त्यात इस्ट्रोजेन असेल तर ते लॅमोट्रिजिन सुरू करण्याआधी सांगा. त्या गोळ्या लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी साधारण निम्म्यावर आणतात. गोळ्या मध्येच बंद केल्या तर तीच पातळी वर उडी मारते.

आता फोन, आणि त्याआधी तुमचा नवरा. त्यांची भीती मला अनाठायी वाटत नाही. एका आठवड्यात दोन फोन आणि एक कॅमेरा घरात आलेला ज्याने पाहिलाय, त्याच्या पोटात फोन हा शब्द ऐकूनच गोळा येणार. पण बायपोलर असलेल्या माणसाच्या प्रत्येक इच्छेला लक्षण म्हणायला लागलं की माणूस इच्छा लपवायला शिकतो, आणि मग खरोखरचं लक्षणही लपवतो. म्हणून इच्छेचा आकार बघावा. तुमचा फोन पाच महिन्यांपासून रडतोय. तुम्ही अजून घेतलेला नाही. तुम्हाला एकच हवाय, तो टिकाऊ हवाय, आणि घ्यावा की नाही असं तुम्ही कुणालातरी विचारताय. मॅनियातली खरेदी विचारत नाही. तिला आजच हवं असतं, सगळ्यात भारी हवं असतं, दुसऱ्यांसाठीही हवं असतं, आणि आड येणारा माणूस मूर्ख वाटतो. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही.

तरी औषध बदलाच्या काळात मी एक नियम घालून देतो, तो तुम्हा दोघांनाही सोयीचा पडेल. कुठलीही मोठी खरेदी ठरल्यापासून ४८ तास थांबायचं, मधल्या दोन्ही रात्री नेहमीएवढी झोप झालेली असावी, आणि विश्वासातल्या दोन माणसांना सांगितलेलं असावं. ४८ तासांनीही हवंच असेल आणि झोप नीट असेल, तर घ्या. नवऱ्याला यात नकाराधिकार नाही. त्यांनी फक्त झोपेचे तास बघायचे, फोनचं मॉडेल नव्हे.

आणि तरीही मी तुम्हाला सांगणार आहे की नवा फोन आत्ता घेऊ नका. कारण वेगळं आहे.

काही वर्षांपूर्वी माझा एक रुग्ण लॅमोट्रिजिनवर २०० मिलिग्रॅमपर्यंत पोचला होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याचा हिवाळा डिप्रेशनशिवाय गेला. त्याने नवा फोन घेतला, साठवलेल्या पैशांनी, शांत डोक्याने. जुन्या फोनमधलं सगळं नव्यात आलं: फोटो, नंबर, गोळीची आठवण करून देणारं ॲपसुद्धा. फक्त त्या ॲपला नव्या फोनवर सूचना दाखवायची परवानगी द्यायची राहिली, आणि फोनच्या बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगने ‘हे ॲप फारसं वापरात नाही’ असं ठरवून त्याला झोपवलं. रात्री साडेनऊला वाजणारा गजर वाजेना. आणि तो इतकी वर्षं गजरावर अवलंबून होता की गजर नाही म्हणजे गोळी झाली असणार, असं त्याने धरलं. नवव्या दिवशी पाकिटात गोळ्या जास्त उरलेल्या त्याच्या आईला दिसल्या. लॅमोट्रिजिनमध्ये साधारण पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते, कारण थेट जुना डोस दिला तर पुरळाचा तोच धोका. २०० वरून परत २५. सहा आठवडे पुन्हा जिना, आणि त्यातले तीन त्याने अंथरुणात काढले. मी त्याला दर भेटीत साखर विचारत होतो, झोप विचारत होतो. फोन बदललास का हे मला सुचलं नव्हतं. आता विचारतो.

म्हणून आधी औषध, मग फोन. तुमच्या फोनचं दुखणं तुम्ही सांगता त्यावरून बहुधा बॅटरीचंच आहे. चार वर्षांत बॅटरीचा आतला रोध वाढतो, कॅमेरा किंवा नकाशा उघडला की तिचा विजेचा दाब एकदम खाली येतो आणि टक्के शिल्लक दिसत असतानाच फोन मान टाकतो. अशा वेळी नवी बॅटरी घालणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे. अधिकृत केंद्रात बदलून घ्या. एक-दोन वर्षं सहज निघतील आणि तोवर तुमचा औषधाचा बदल पार पडून बराच काळ लोटलेला असेल. अपवाद एकच. फोनची पाठ किंवा स्क्रीन फुगून वर आली असेल तर चार्जिंग ताबडतोब थांबवा, रात्री उशाशी तर अजिबात ठेवू नका. ती बॅटरी आजच बाहेर काढून घ्यायची गोष्ट आहे. सुरक्षा अपडेट बंद झालेत का हेही सेटिंगमध्ये बघा. शेवटच्या अपडेटला वर्षाहून जास्त झालं असेल तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

गंमत म्हणून सांगतो, तुमच्या दोन्ही प्रश्नांत धातू एकच आहे. लिथियम १८१७ साली सापडलं. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते मॅनियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि ती घडवणाऱ्या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गोळीतल्या लिथियमसाठी मात्र कुणाला नोबेल मिळालं नाही. आम्हा मानसोपचारवाल्यांच्या मनाला ते अजून थोडं लागतं.

पुढे केव्हा नवा घ्याल तेव्हा काय बघायचं? हा माझा विषय नव्हे, पण मी स्वतः एकच फोन सात वर्षं वापरलाय, तेवढ्या जोरावर बोलतो. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सोडा. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हे आधी बघा, कारण फोन मरतो तो बहुधा काच फुटून नव्हे, अपडेट संपून. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांची हमी द्यायला सुरुवात केली. फेअरफोन ५ ला कंपनीने आठ वर्षं सांगितली आहेत, आणि त्याची बॅटरी हाताने काढता येते. ही वर्षं मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. सवलतीत मिळणारा दोन वर्षं जुना फोन म्हणजे सातातली पाचच वर्षं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन विकायचा तर ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, असा नियम आहे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. त्या बाजारात विकलं जाणारं मॉडेल असेल तर कुठेही घेताना ही जमेची बाजू धरा.

साठवण २५६ जीबी घ्या. बऱ्याच फोनमध्ये ती नंतर वाढवता येत नाही आणि काठोकाठ भरलेला फोन रखडतो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर चालू ठेवा, आणि फोन उन्हात किंवा उशीखाली तापू देऊ नका. बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही मारत नाही.

रात्रीच्या स्क्रीनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ओलान्झापिन उतरवताना तो प्रश्न येणारच. निळा प्रकाश अडवणारे चष्मे मॅनियाच्या रुग्णांना लावून नॉर्वेत एक छोटी चाचणी झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली, आणि आठवड्याभरात बराच फरक दिसला. प्रकाशाचं महत्त्व आहेच. पण माझा अनुभव असा की प्रकाशापेक्षा फोनवर काय चाललंय ते जास्त जागवतं. रात्री अकराला भावाशी वादाचे मेसेज सुरू असतील तर स्क्रीन पिवळी करून काय होणार? ओलान्झापिनच्या शेवटच्या दोन पायऱ्यांपुरता तरी फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा.

नोंद कागदावर ठेवा. ॲप वाईट नसतात, पण ती फोनबरोबर जातात. साधी वही, दिवसाला एक ओळ. माझ्या एका रुग्णाच्या वहीतली ओळ अशी होती: ‘झोप ११.४० ते ६.१०. लॅमो ५०, ओलान ७.५, लिथियम ९००. चिडचिड दोन. पुरळ नाही. साबण जुनाच.’ शेवटचे दोन शब्द वाचून मी मोठ्याने हसलो होतो. अशा दहा ओळी समोर आल्या की मला तासाभराची मुलाखत लागत नाही. पाकिटावरची ताकदही रोज वाचा. २५, ५० आणि १०० च्या पट्ट्या एकाच कंपनीच्या असल्या की सारख्याच दिसतात. पायरी बदलली की जुन्या ताकदीच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून बाहेर काढा.

आणि बॅटरी बदलायला फोन केंद्रात द्याल तो दिवस पायरी बदलण्याचा नसू दे. त्या रात्री तुमचा गजरही वाजणार नाही. आठवड्याची खणांची गोळ्यांची डबी भरून ठेवा, साधं सेलवर चालणारं गजराचं घड्याळ रात्रीच्या वेळेला लावा, आणि फोन परत हातात आल्यावर गजर खरोखर वाजतो की नाही ते एकदा समोर बसून ऐका.